वारशातला अर्धा टक्का

"साहेब, एक आजोबा आलेत. म्हणतायत, तुमच्या कम्प्युटरला गणित येत नाही."

शनिवार, ८ जुलै २०१७. सकाळचे अकरा. बाहेर पाऊस, हातात पोह्यांची बशी, आणि फोनवर डोंबिवलीतल्या एका पतसंस्थेच्या मॅनेजरबाई. त्यांचं सॉफ्टवेअर आमच्या कंपनीचं. कंपनी ठाण्यात, वागळे इस्टेटमध्ये. पतसंस्थेचं आणि कंपनीचं नाव सांगत नाही, कारण चूक दोघांचीही नव्हती. माझी होती.

१ जुलैला जीएसटी लागू झाला होता. त्याआधीचा महिना आम्ही सगळे हापिसातच राहत होतो म्हटलं तरी चालेल. सर्व्हिस टॅक्स काढा, जीएसटी घाला, पावत्या बदला. वाटलं होतं, आता एक शनिवार तरी आपला. कसलं काय!

आजोबांची तक्रार अगदी साधी होती. तीन लाखांची मुदत ठेव, व्याज दर तिमाहीला बचत खात्यात जमा. साधा दर आठ टक्के, ज्येष्ठ नागरिकांना अर्धा टक्का जास्त. म्हणजे साडेआठ टक्क्यांनी तिमाहीचे ६,३७५ रुपये. पासबुकात आले होते ६,०००. आजोबांनी पासबुकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं भागाकार मांडून आणला होता.

"गेल्या तिमाहीला बरोबर होतं हो," बाई म्हणाल्या.

हे वाक्य ऐकलं की प्रोग्रॅमरच्या पोटात गोळा येतो. गेल्या तिमाहीला बरोबर आणि या तिमाहीला चूक, म्हणजे मधे कुणीतरी हात लावलाय. आणि मधे हात लावणारा मीच होतो.

पोहे तसेच टाकले, डोंबिवलीहून जलद लोकल पकडली. शनिवार असल्यामुळे चक्क बसायला जागा मिळाली. त्या वेळी जलद लोकल दिवा सुटलं की मुंब्रा-कळव्याची वाट सोडून थेट पारसिकच्या बोगद्यात शिरायची. सव्वा किलोमीटरहून थोडा लांब असा तो १९१६ सालचा बोगदा. धीमी लोकल मात्र डोंगराला वळसा घालून मुंब्रा, कळवा करत यायची. बोगद्यात फोनची रेंज गेली आणि मी पाच मिनिटं शांत बसून आठवू लागलो, की नक्की काय काय बदललं होतं.

झालं होतं असं.

आमचा कोड २००३ च्या सुमाराचा, जावामधला. त्यात एक क्लास होता, त्याला आपण 'ठेव' म्हणू. (खरी नावं इंग्रजीत होती, इथे सोयीसाठी मराठीत.) ठेवीला रक्कम असते, मुदत असते, आणि तिला व्याज काढता येतं. त्या 'ठेव'पासून निघालेला दुसरा क्लास 'ज्येष्ठठेव'. याला आईकडून सगळं आयतं मिळालेलं: रक्कम, मुदत, पावती छापणं, सगळं. फक्त व्याज काढायची पद्धत त्यानं स्वतःची लिहिलेली, अर्धा टक्का वाढवून. यालाच इनहेरिटन्स म्हणायचं. आईचं सगळं घ्यायचं, जे पटत नाही तेवढं आपल्या पद्धतीनं करायचं. ही कल्पना आली नॉर्वेतून, डाल आणि न्यूगोर या दोघांच्या सिम्युला ६७ या भाषेतून. तेव्हापासून जगभरचे प्रोग्रॅमर ती वापरतायत आणि तेव्हापासून तिच्यात अडकतायत.

आता माझा पराक्रम. 'ठेव'मधलं व्याज 'डबल' या प्रकारच्या आकड्यांत काढलं जायचं. डबल हा पैशांसाठी वाईट प्रकार. कारण तो आकडे दोनच्या पटीत साठवतो आणि आपला दहा पैशांचा हिशोब त्यात नेमका बसत नाही. जावाला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारा, उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. अशी धूळ साठत साठत कुठेतरी एखाद्या पैशाचा फरक पडतो आणि ऑडिटर डोकं खातो. जीएसटीसाठी सगळं उघडलेलंच होतं, म्हटलं हेही करून टाकू. 'ठेव'मधल्या व्याजाच्या मेथडला डबलऐवजी 'बिगडेसिमल' दिलं. हा प्रकार दशमानातच हिशोब ठेवतो. पैशांसाठी हेच योग्य.

बदल केल्याबरोबर कम्पायलरनं सत्तावीस ठिकाणी लाल रेघा मारल्या. मी निमूटपणे एकेक करून सत्ताविसाव्या रेघेपर्यंत सगळ्या दुरुस्त केल्या. टेस्ट चालवल्या, सगळ्या हिरव्या. घरी गेलो, झोपलो. सुखाची झोप हो!

हापिसात पोचल्यावर आजोबांच्या खात्याची नक्कल घेतली आणि 'ज्येष्ठठेव'च्या व्याजाच्या मेथडमध्ये ब्रेकपॉइंट लावला. म्हणजे प्रोग्रॅम तिथे आला की थांबेल आणि आपण आत डोकावू. व्याजाची बॅच चालवली. थांबला नाही. परत चालवली. थांबला नाही. व्याज मात्र जमा झालं, ६,००० रुपये, ठणठणीत. खातं ज्येष्ठच आहे ना, तपासलं. आहे. ऑब्जेक्ट 'ज्येष्ठठेव'चाच आहे ना? आहे. मग मेथडमध्ये येत का नाही?

दुपारी दोन वाजता, तिसऱ्या चहाला, सकाळचा बोगदा आठवला. मी मुंब्र्याच्या फलाटावर गाडीची वाट बघत उभा होतो, आणि गाडी बोगद्यातून निघून गेली होती!

जावामध्ये मेथडची ओळख नुसत्या नावावर नसते. नाव आणि ती काय प्रकारची माहिती घेते, हे दोन्ही मिळून ओळख ठरते. आधी आई डबल घ्यायची आणि लेकही डबल घ्यायची. दोघींची ओळख एक, म्हणून लेकीची पद्धत आईच्या पद्धतीच्या जागी बसायची. याला ओव्हरराइड म्हणतात. मी आईला बिगडेसिमल शिकवलं, लेकीला सांगितलंच नाही. आता जावाच्या दृष्टीनं 'ज्येष्ठठेव'कडे व्याजाच्या दोन वेगवेगळ्या मेथड झाल्या: एक आईकडून आलेली, बिगडेसिमल घेणारी, आणि एक स्वतःची, डबल घेणारी. याला ओव्हरलोड म्हणतात. दोन शब्दांत केवढंसं अंतर, आणि परिणाम बघा. बॅच बिगडेसिमल देत होती, त्यामुळे प्रत्येक वेळी आईचीच पद्धत चालत होती. साधा आठ टक्के. लेकीची मेथड जागच्या जागी उभी होती, पण तिला हाक मारायला कुणी येतच नव्हतं.

मग कम्पायलर ओरडला का नाही? कारण त्याच्या लेखी काहीच चुकलं नव्हतं. एकाच नावाच्या दोन मेथड असणं भाषेत पूर्ण कायदेशीर आहे. सत्तावीस जणांनी तक्रार केली, त्यांच्याकडे मी गेलो. अठ्ठाविसावी काही बोलली नाही, म्हणून तिच्याकडे बघितलंच नाही.

आणि टेस्ट? टेस्टमध्ये 'ज्येष्ठठेव' स्वतःच्याच नावानं बनवून तिला थेट डबल दिला जात होता. तिनंही इमानेइतबारे साडेआठ टक्क्यांनी उत्तर दिलं. टेस्ट हिरवी. बॅच जशी हाक मारते तशी हाक टेस्टनं कधी मारलीच नव्हती.

खरं तर या रोगावर औषध तेव्हाही जुनंच होतं. २००४ मध्ये जावा ५ आलं, तेव्हा मेथडच्या डोक्यावर 'ओव्हरराइड' अशी खूण लिहिण्याची सोय झाली. ही खूण प्रोग्रॅमच्या वागण्यात काही फरक करत नाही. ती फक्त कम्पायलरला सांगते, की बाबा रे, ही मेथड आईच्या मेथडच्या जागी बसावी असा माझा हेतू आहे, तशी बसत नसेल तर ओरड. आमचा कोड त्या आधीचा, नंतर कुणी खुणा घातल्या नाहीत. चालतंय ना, मग कशाला. पुढे बाकीच्या भाषांनाही हेच शहाणपण सुचलं. सी प्लस प्लसमध्ये ही सोय २०११ च्या आवृत्तीत आली, पायथॉनमध्ये थेट २०२३ च्या ३.१२ मध्ये (तिथेही ती तपासायला वेगळं हत्यार लागतं). कॉटलिनमध्ये तर हा शब्द लिहिल्याशिवाय पुढेच जाता येत नाही.

त्या दिवशी मी खूण घातली आणि कम्पायलर लगेच ओरडला. इतका गोड ओरडा आयुष्यात ऐकला नव्हता. लेकीलाही बिगडेसिमल शिकवलं, ६,३७५ आले. दुरुस्ती काही ओळींची, शोधायला अर्धा दिवस.

मग म्हटलं, आलोच आहे तर सगळ्याच कोडमध्ये खुणा घालू. आणखी एक सापडलं, माझ्याही आधीचं. सभासदांच्या क्लासमध्ये कुणीतरी 'इक्वल्स' लिहिताना 'कुठलाही ऑब्जेक्ट' घेण्याऐवजी 'सभासद' घेतला होता. म्हणजे तेही ओव्हरलोड. त्यामुळे एकच सभासद यादीत दोनदा यायचा आणि पतसंस्थेतले लोक तो दर वर्षी हातानं खोडायचे. त्यांना वाटायचं, कम्प्युटर असाच असतो!

बग संपला, पण मला चैन पडेना. घरी येताना वाटलं, 'ज्येष्ठ' हा क्लास मुळात असावाच का? जावात ऑब्जेक्ट ज्या क्लासचा म्हणून जन्मला त्याच क्लासचा राहतो, मरेपर्यंत. माणूस तसा राहत नाही. तो एके दिवशी साठ वर्षांचा होतो. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवीचं नूतनीकरण करताना कुणी साठी ओलांडली असेल, तर ते खातं बंद करून नवीन उघडावं लागायचं. ही पद्धत इतकी अंगवळणी पडली होती, की कुणाला ती चूकच वाटत नव्हती.

बार्बरा लिस्कोव्ह बाईंनी १९८७ मध्ये एका भाषणात मांडलेला विचार आज आपण सगळे मुलाखतीपुरता पाठ करतो: जिथे आई चालते तिथे लेकही काही न बिघडता चालली पाहिजे. पण आपण वारसा घेतो तो बहुतेक वेळा टायपिंग वाचवायला. खुद्द जावानं हेच केलंय. त्यातला 'स्टॅक' हा 'व्हेक्टर'चा वारस आहे. स्टॅक म्हणजे ताटांची चवड, फक्त वरचं ताट काढायचं. पण व्हेक्टरकडून आलेल्या मेथड वापरून मधलं ताटही खुशाल ओढता येतं. ती चूक आजही तिथेच आहे, कारण काढली तर कुणाचं तरी चालू असलेलं बंद पडेल.

पुढच्या दोन महिन्यांत आम्ही 'ज्येष्ठठेव' मोडीत काढली. ठेव एकच. तिच्या हातात व्याजदराचा एक वेगळा नियम दिला: सर्वसाधारण, ज्येष्ठ, जो लागू असेल तो. साठी झाली की नूतनीकरणाच्या वेळी नियम बदला, खातं तेच. वारसा घेण्याऐवजी सोबत ठेवलं. घराच्या भिंती न पाडता पंखा बदलावा, तसं.

सोमवारी दोनशेच्या वर खात्यांची फरकाची यादी घेऊन मी स्वतः पतसंस्थेत गेलो. बाईंनी आजोबांना बोलावूनच ठेवलं होतं. पांढरा शर्ट, खिशाला पेन्सिल. मी ३७५ रुपयांची नोंद दाखवली आणि माफी मागितली.

"आधी बरोबर येत होतं ना?" आजोबा म्हणाले. "मग बदललंत कशाला?"

मी डबल, बिगडेसिमल, पैशाच्या हजाराव्या भागाचा फरक असं जमेल तितक्या साध्या मराठीत सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग पासबुक मिटलं.

"म्हणजे पैशाचा हिशोब सुधारायला गेलात आणि रुपयाचा घालवलात."

"हो," म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"ठीक आहे. पुढच्या तिमाहीला बघेन परत."

असो. तो बोगदा आता मेल-एक्स्प्रेसना दिलाय. २०२२ च्या सुरुवातीला ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका झाली आणि जलद लोकल मुंब्रा-कळव्याच्या बाजूनं जाऊ लागल्या. गाडी आता फलाटावरून दिसते, पण थांबत नाही. मी अजूनही मुंब्र्याला खिडकीतून बघतो, आणि आईच्या कुठल्याही मेथडला हात लावण्याआधी तिच्या सगळ्या लेकींची यादी काढतो. तक्रार न करणारीचं नाव सगळ्यात आधी.