शंभर ग्रेन की ऐंशी? : स्कॉटिश डोंगरांतली दैनंदिनी

मंगळवार, इन्व्हर्नेस

नोव्हेंबरात इथे दुपारी चारलाच अंधारून येतं. मेळघाटात उभी नोकरी काढून निवृत्त झालेले वनाधिकारी काका आणि ॲबर्डीनला नोकरी करणारी त्यांची पुतणी स्टेशनातून बाहेर पडले, ते थेट बंदुकीच्या दुकानात शिरले. विकत काही घ्यायचं नव्हतं, आणि घेता आलंही नसतं. ब्रिटनमध्ये रायफलचं काडतूस परवान्याशिवाय मिळत नाही. कोणत्या मापाची किती काडतुसं बाळगायची, तेही परवान्यावर लिहिलेलं असतं. काकांना फक्त फळीवरच्या खोक्यांवरचे आकडे वाचायचे होते.

एकाच मापाच्या रायफलसाठी तिथे चार-पाच वजनांच्या गोळ्या होत्या. वजन सगळीकडे ग्रेनमध्ये. एका ग्रॅममध्ये साडेपंधरा ग्रेन बसतात. सोनाराच्या तराजूतली एक गुंज म्हणजे जवळपास दोन ग्रेन. पॉइंट २४३ या बारीक रायफलच्या शिशाच्या गोळ्या शंभर ग्रेनच्या, म्हणजे साडेसहा ग्रॅमच्या. शेजारच्याच खणात त्याच रायफलसाठी तांब्याच्या गोळ्या होत्या, आणि त्या मात्र ऐंशी ग्रेनच्या.

“काका, हरीण तेच, बंदूक तीच. मग गोळी हलकी का?” पुतणीने विचारलं.

काका लगेच काही बोलले नाहीत. शिकारी पकडणं हे त्यांचं काम होतं, शिकार करणं नव्हे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात शिकारीवर बंदी आली आणि त्यांची पिढी त्या कायद्याची राखण करण्यात गेली. इथे मात्र हरणं मारणं हेच जंगल राखण्याचं काम आहे. लांडगा इथून काही शतकांपूर्वीच संपला. आज स्कॉटलंडमध्ये चार जातींची मिळून दहा लाखांच्या आसपास हरणं असावीत असा अंदाज आहे. वर्षाला लाखावर मारली जातात, तरी उरलेली रोपं खात राहतात आणि डोंगर बोडके ते बोडकेच.

बुधवार, नेमबाजीचा माळ

डोंगराळ जमीनदारीत हरणं मारण्याची जबाबदारी ज्याच्याकडे असते, तो स्टॉकर. नवा पाहुणा आला की आधी त्याला कागदी निशाणावर गोळ्या झाडायला लावतात. नेम बसल्याशिवाय डोंगर नाही. काका आणि पुतणी शेजारी बसून बघत होते आणि स्टॉकर मधल्या वेळात समजावत होता.

स्कॉटलंडमध्ये गोळीचं वजन ही केवळ आवडीनिवडीची बाब नाही, ते कायद्याने ठरलेलं आहे. १९८५च्या आदेशानुसार मोठ्या हरणासाठी गोळी किमान शंभर ग्रेनची लागत असे, नळीतून सुटताना तिचा वेग सेकंदाला किमान २४५० फूट (साधारण ७४७ मीटर) आणि ऊर्जा किमान १७५० फूट-पाउंड हवी. रो हे लहानखुरं हरीण, जेमतेम वीस-पंचवीस किलोचं. त्याला पन्नास ग्रेन आणि एक हजार फूट-पाउंड पुरतात. शिवाय गोळी अंगात शिरल्यावर फुलणारी, पसरणारी असली पाहिजे. इंग्लंडच्या १९९१च्या कायद्याची रीत वेगळी. तिथे मोठ्या हरणासाठी नळीचं माप आणि ऊर्जा ठरवून दिली आहे, वजनाचा उल्लेख नाही.

मग वजन कशासाठी? जड गोळी वेग टिकवते, वाऱ्याने कमी हलते, हाडाला लागली तरी आत जाते. पण तीच बंदूक जड गोळी सावकाश फेकते आणि खांद्याला दणका जास्त देते. हलकी गोळी सुसाट सुटते, तिचा मार्ग सरळ असतो. मात्र मऊ शिशाची असेल तर खांद्याच्या हाडावरच फुटून जाते. हरीण जखमी होऊन पळतं आणि दरीत कुठेतरी तासन्‌तास तडफडतं. वजनाची सगळी चर्चा या एका गोष्टीपाशी येऊन थांबते, आणि थांबलीच पाहिजे. गोळी दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेली, तर जनावर काही क्षणांत कोसळतं.

पॉइंट ३०८ची रायफल असेल तर दीडशे ग्रेन शिसं, २७०ची असेल तर एकशे तीस, स्वीडिश साडेसहा मिलिमीटरची असेल तर एकशे चाळीस: इथल्या हरणांसाठी ही नेहमीची वजनं. अमेरिकेत ३०-०६ रायफलसाठी १८० ग्रेनच्या गोळ्याही सर्रास मिळतात. त्या एल्कसारख्या दांडग्या जनावराला शोभतात. इथल्या लाल हरणाला तेवढं वजन लागत नाही. लाल हरीण आपल्या सांबरापेक्षा लहान आणि चितळापेक्षा मोठं.

आता कालचा प्रश्न. शिशाची घनता ११.३, तांब्याची जेमतेम ९. त्यामुळे त्याच जाडीची, त्याच वजनाची तांब्याची गोळी सव्वापट लांब होते. नळीच्या आतले आटे गोळीला गरगर फिरवतात, म्हणून ती सरळ जाते. गोळी जितकी लांब, तितका आट्यांचा पीळ घट्ट लागतो. २४३च्या बहुतेक रायफलींत दहा इंचांत एक फेरा असतो. शंभर ग्रेन तांब्याला तो पुरत नाही, गोळी हवेत डगमगते. म्हणून तांब्याची गोळी ऐंशीची.

आणि ऐंशीची गोळी कायद्यात बसत नव्हती. शिसं सोडायला तयार असलेल्या माणसाला कायदा शिशाकडेच ढकलत होता. २०२३ साली सरकारने आदेश दुरुस्त केला आणि शंभरची मर्यादा ऐंशीवर आणली. ऊर्जेची अट मात्र तशीच ठेवली. काकांनी डायरीत गणित मांडलं: १७५० फूट-पाउंड गाठायला शंभर ग्रेनच्या गोळीला सेकंदाला सुमारे ८५५ मीटर वेग लागतो, ऐंशीच्या गोळीला सुमारे ९५५. म्हणजे वजन कमी झालं तरी कायदा सैल झालेला नाही. जे वजनात गेलं ते वेगात भरून द्यायचं आहे.

गुरुवार, डोंगरावर

पाऊस, मग गारा, मग पुन्हा पाऊस. माद्यांचा हंगाम २१ ऑक्टोबरला सुरू होतो आणि १५ फेब्रुवारीला संपतो, म्हणजे सगळा असल्याच हवेत. स्टॉकर वाऱ्याच्या तोंडाने, ओढ्याच्या काठाकाठाने रांगत पुढे गेला. काका आणि पुतणी बरेच मागे थांबले. दीडशे मीटरवर माद्यांचा कळप होता. स्टॉकरने म्हातारी, खंगलेली मादी हेरली, ती आडवी उभी राहीपर्यंत वाट पाहिली आणि मग चाप ओढला. ती चार ढांगा पळाली आणि पडली.

तांब्याच्या गोळीसाठी हे अंतर महत्त्वाचं असतं. तांबं शिशापेक्षा कडक. वेग सेकंदाला साधारण सहाशे मीटरच्या खाली आला, की अशा बऱ्याच गोळ्या नीट फुलत नाहीत आणि सुईसारख्या आरपार निघून जातात. म्हणून तांबं वापरणारे गोळी मुद्दाम हलकी आणि वेगवान निवडतात आणि लांबून मारायचा मोह टाळतात. ३०८मध्ये दीडशेच्या जागी एकशे तीस ग्रेन, हे त्यामुळेच.

मादीचा कोथळा तिथेच काढला. तो डोंगरावरच राहतो. कावळे, कोल्हे आणि सोनेरी गरुड तो खातात. शिशाची गोळी फुटते तेव्हा तिचे बारीक कण याच मांसात विखुरतात आणि गरुडाच्या पोटात जातात. अमेरिकेत ३८ राज्यांतल्या बाराशेवर गरुडांची तपासणी झाली. २०२२ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जवळपास निम्म्या गरुडांच्या हाडांत दीर्घकालीन शिसेबाधेच्या खुणा सापडल्या. “आमच्याकडे गिधाडं गेली ती गुरांच्या औषधामुळे,” काका म्हणाले. “मेलेल्या जनावरात माणूस काय ठेवून जातो, ते आम्ही फार उशिरा बघायला लागलो.”

ब्रिटनने २०२५च्या जुलैमध्ये शिकारीच्या शिशाच्या दारूगोळ्यावर बंदी जाहीर केली आहे, बदलासाठी तीन वर्षांची मुदत देऊन. तक्रारीही आहेत. तांबं महाग पडतं, जुन्या रायफलींना प्रत्येक गोळी मानवत नाही, नेम नव्याने बसवावा लागतो. या अडचणी खऱ्या आहेत, पण शिसं चालू ठेवायला त्या पुरेशा नाहीत.

शुक्रवार, ग्लेनफेशी

केर्नगॉर्म पर्वतातलं हे खोरं. एडविन लँडसीर या चित्रकाराचं इथे येणंजाणं होतं. त्याच्या १८५१च्या ‘मोनार्क ऑफ द ग्लेन’ या चित्रामुळे बारा टोकांच्या शिंगांचा नर ही स्कॉटलंडची ओळख झाली. त्या नराच्या मोहात इथे पिढ्यान्‌पिढ्या हरणं वाढू दिली गेली आणि पाइनची रोपं गुडघ्याएवढीही होईनात.

२००६ साली जमीन अँडर्स पोव्हलसेन या डॅनिश उद्योगपतीने घेतली. इथली हरणं कसोशीने कमी करण्यात आली. कुंपणाशिवाय पाइन उगवला, बर्च उगवला, नदीकाठ भरला. पुतणी एका कोवळ्या पाइनशेजारी उभी राहिली. तो तिच्या डोक्यापेक्षा उंच होता. काका रोपं बघत इतका वेळ रेंगाळले की परतीची बस चुकली.

शनिवार, मालेग बंदराच्या वाटेवर

रविवारी डोंगरावर बंदूक न चालवण्याची इथली जुनी प्रथा आहे. त्यामुळे पुढचा मुक्काम रम बेटावर. तिथल्या लाल हरणांचा अभ्यास १९५३पासून चालू आहे आणि बेटाच्या उत्तरेकडच्या किलमोरी भागात १९७०च्या दशकापासून हरणं मारलेली नाहीत. तिथली हरणं हिवाळा संपता संपता उपासमारीने आणि थंडीने मरतात, आणि संशोधक एकेकाची नोंद ठेवतात. गोळीविना हरीण कसं मरतं, ते काकांना त्या नोंदींतून वाचायचं आहे. बोटीची वेळ पुतणीने दोनदा तपासली.

(पुढील भागात : रम बेट)