ॲरेच्या पोटात ॲरे, तरी क्लास बिनचूक!

व्ह्यू (Vue) फ्रेमवर्कमध्ये क्लासच्या जागी अख्खा ॲरे देता येतो! त्या ॲरेत ऑब्जेक्ट चालतो, आणि ॲरेच्याच पोटात आणखी एक ॲरे घातला तरी चालतो! हे कळल्यापासून भेटेल त्या डेव्हलपरला मी हेच सांगत सुटलेय.

ब्राउझरला शेवटी काय लागतं? मध्ये स्पेस असलेल्या नावांची एक स्ट्रिंग. पण आपलं बटन इतकं सरळ कुठे असतं! 'बटन' हा क्लास त्याला कायम हवा, 'लोडिंग' फक्त माहिती जात असताना, आणि पॅरेंट कंपोनंटने पाठवलेले क्लास वेगळेच. स्ट्रिंगला स्ट्रिंग जोडत बसलं, की कुठे स्पेस गळते, कुठे 'अनडिफाइन्ड' नावाचाच क्लास बटनाला चिकटतो. आता मी एकच ॲरे लिहिते: आधी 'बटन', मग 'लोडिंग'ची अट सांगणारा ऑब्जेक्ट, आणि शेवटी पॅरेंटकडून आलेलं जे असेल ते, जसंच्या तसं. ते स्ट्रिंग आहे की ॲरे, किती पातळ्या खोल आहे, विचारायचीसुद्धा गरज नाही!

न राहवून सोर्स कोड उघडला. हे सगळं करणारं 'नॉर्मलाइझक्लास' फंक्शन एका नजरेत मावेल एवढंच! स्ट्रिंग आली तर तशीच ठेवायची. ऑब्जेक्ट आला तर ज्यांची अट खरी, तेवढीच नावं उचलायची. आणि ॲरे आला तर त्यातल्या प्रत्येकासाठी स्वतःलाच पुन्हा बोलवायचं. बस्स! या स्वतःलाच बोलावण्यामुळे कितीही खोल रचना उलगडते. नल, फॉल्स, अनडिफाइन्ड वाटेतच गळून पडतात.

रिअ‍ॅक्टमध्ये हेच काम जेड वॉटसन यांचं 'क्लासनेम्स' आणि ल्यूक एडवर्ड्स यांचं चिमुकलं 'सीएलएसएक्स' करतं. स्वेल्टने तर ५.१६ पासून 'सीएलएसएक्स' थेट क्लास ॲट्रिब्यूटच्या पोटातच घेतलंय!

आणखी एक मजा पाहा. यादीत शेवटी लिहिलेला क्लास भारी ठरतो, असं मुळीच नाही. दोन नियमांचं वजन सारखं असेल, तर स्टाइलशीटमध्ये नंतर येणारा जिंकतो. म्हणजे यादीतला क्रम पूर्ण आपला! कायमचे क्लास वर, अटींचे खाली, बाहेरून आलेले शेवटी. नवा माणूसही वाचता वाचता समजून घेतो.

तुमच्या प्रोजेक्टमधलं सगळ्यात किचकट बटन आजच उघडा आणि त्याच्या अटी अशा मांडून बघा. खरंच, लगेच बघा!