ट्यूब सोडा, बाबा!

तुम्ही तुमच्या बाबांना शेवटचं काय शिकवलंत? यूपीआय? व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन पाठवणं? मीही त्याच गटातली. मुंबईत फ्रीलान्स पत्रकारिता करायची आणि सणाला गावी गेलं की बाबांच्या मोबाइलमधले गुड मॉर्निंगचे फोटो उडवून जागा करून द्यायची, एवढंच माझं इंजिनीअरिंग. पण गेल्या वर्षी दसऱ्यानंतर मी थेट त्यांच्या ट्रॅक्टरमध्ये नाक खुपसलं. आणि तेही एका बोटीमुळे!

आमचं गाव जऊळका, जिल्हा वाशिम. अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावरचं छोटं स्टेशन. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. दसरा झाला की सगळीकडे एकच विषय, सोयाबीन. सोंगणी झालेली, शेतात गंजी लागलेली, आणि ट्रॅक्टरला जोडलेलं थ्रेशर सकाळपासून घरघरतंय.

शेतात गेले तेव्हा पहिली नजर स्टिअरिंगखालच्या हॅण्ड थ्रॉटलवर गेली. दांड्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून बांधलेली.

‘‘बाबा, हे काहून बांधलं?’’

‘‘दांडा मांगं सरकते. आरपीएम उतरते. ट्यूबनं कसा एका जागी रायते!’’

बाबांचं दुखणं खरं होतं. थ्रेशरसाठी ट्रॅक्टरचा मागचा पीटीओ शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे फिरावा लागतो. वेग उतरला की ड्रम तुंबतो, दाणे कुटारात जातात. जास्त झाला की सोयाबीन फुटून डाळ होते. म्हणजे थ्रॉटल लावला तिथेच थांबायला हवा.

‘‘आणि एकदम कमी करायची वेळ आली तर?’’

‘‘तीन दिवसाचं काम हाये. हंगामात कोन खोलत बसते त्याले?’’

विषय बंद. मी बांधावर बसून मेल चेक करत राहिले.

दुपारी ती वेळ आलीच. पेंढ्या टाकणाऱ्या काकांच्या खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक ड्रमकडे ओढलं गेलं. कुणीतरी ओरडलं. बाबा धावले, त्यांचा हात सवयीनं थ्रॉटलवर गेला... आणि ट्यूब! दांडा हलेना. मग त्यांनी स्टॉपर ओढला. मधे किती सेकंद गेले? दोन असतील, तीन असतील. काकांनी दुपट्टा सोडून दिला होता म्हणून निभावलं. ड्रममधून फक्त चिंध्या निघाल्या.

शेतीतल्या धोकादायक यंत्रांसाठी आपल्या देशात १९८३ साली वेगळा कायदा झाला, तो अशा थ्रेशरच्या अपघातांमुळेच. मी हे बाबांना सांगितलं नाही. त्यांचे हात थरथरत होते.

संध्याकाळी ते स्वतःच म्हणाले, ‘‘काय सांगत होती तू त्या बोटीचं?’’

बोटीचं असं, की दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यावर लिहायचं म्हणून मी शिडाच्या बोटी बघत फिरले होते. शिडाच्या बोटीलाही इंजिन असतं, बरं का! बंदरात शिरताना, वारा पडला की तेच कामाला येतं. एका बोटीचा थ्रॉटल सारखा मागे यायचा. मेकॅनिकनं कव्हर काढलं, एक स्क्रू थोडा आवळला. दांडा थांबला. ‘‘फ्रिक्शन कमी झालं होतं,’’ तो म्हणाला.

बाबांनी पाने काढले, मी मोबाइलचा टॉर्च धरला. इंजिन बंद, थ्रेशर सोडवलेलं. आधी थ्रॉटलपासून डिझेल पंपाकडे जाणारा रॉड सुटा केला. पंपाकडचा लिव्हर मोकळा हलत होता. म्हणजे तिकडे अडकलेलं काही नाही. वर दांडा मात्र बोटानं ढकलला तरी घरंगळत होता. रोग तिथेच! दांड्याच्या मुळाशी चकत्या, स्प्रिंग आणि नट असतो. स्प्रिंग चकत्यांना दाबून धरते, त्या घर्षणावर दांडा थांबतो. नाहीतर इंजिनची थरथर आणि पंपाकडची ओढ त्याला मागे आणते.

चकत्या बाहेर आल्या. झिजलेल्या आणि तेलानं चकचकीत!

बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, ‘‘दसऱ्याले मीच टाकलं तेल.’’

दसऱ्याला आमच्याकडे ट्रॅक्टर धुतात, हार घालतात आणि जिथे करकर वाजतं तिथे तेल सोडतात. दांडा करकरला, बाबांनी प्रेमानं तेल दिलं. ज्या घर्षणावर दांडा उभा होता, तेच घालवलं.

दुसऱ्या दिवशी मालेगावहून नव्या चकत्या आणल्या. बाकीचे भाग पेट्रोलनं पुसून कोरडे केले. आता नट किती आवळायचा? बाबांनी आधी जोर लावून आवळला. दांडा जागचा हलेना.

‘‘ही तर ट्यूबच झाली, बाबा!’’

ते हसले. नट थोडा सैल केला. थ्रेशर रिकामं चालवून पाहिलं, दांडा ढळला नाही. मला म्हणाले, ‘‘कमी करून पाय.’’ मी एका हातानं ओढला. लगेच आला. मग त्यांनी चेकनट बसवला आणि ट्यूबची पट्टी कापून फेकली. चकत्यांचा खर्च शंभराच्या आत.

मुंबईला परतताना गाडीत वाटलं, मीही नुसतीच बांधावर बसले होते की! सकाळीच हट्ट धरला असता तर? बाबांना ॲप शिकवताना मी किती हक्कानं बोलते. ट्रॅक्टरपाशी मात्र ‘त्यांना कळतं’ म्हणून गप्प बसले.

यंदा दसऱ्याला मला सुट्टी मिळाली नाही. रात्री बाबांचा व्हिडिओ कॉल आला. झेंडूचा हार घातलेला ट्रॅक्टर दाखवत म्हणाले, ‘‘सगळीकडे तेल देल्लं. तिथं नाही टाकलं हं!’’