रीस्टार्ट करा, पण परतीची सोय करून

मंडळी, नेट गेलं की आपल्याकडे एकच रामबाण उपाय. बटण बंद करा, दहा आकडे मोजा, चालू करा. घरात हे चालून जातं. पण ज्या राउटरवर अख्ख्या कार्यालयाचे दाखले, सातबारे, दस्तनोंदणी अवलंबून आहे, तिथे हाच उपाय महागात पडतो.

मध्यंतरी एका सरकारी कार्यालयात दुपारभर काम ठप्प होतं. कुणीतरी लांबून, कमांड देऊन राउटर रीस्टार्ट केला आणि तो धड परत आलाच नाही. दाखल्यासाठी तीस किलोमीटरवरून एसटीने आलेल्या माणसांना "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या" एवढंच उत्तर. एक दिवसाची मजुरी बुडाली ती कोण देणार?

असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. सिस्कोच्या राउटरचंच बघा. त्यात सेटिंगच्या दोन प्रती असतात. एक चालू, जी वीज जाताच पुसली जाते. दुसरी साठवलेली, जी टिकते. कुणी सहा महिन्यांपूर्वी चालू प्रतीत बदल केला आणि सेव्ह केलाच नाही, तर रीस्टार्टनंतर तो बदल गायब. दिवे हिरवे, पण लाइन बंद. म्हणून 'रीलोड' कमांड देण्याआधी चालू प्रत तपासायची, सेव्ह करायची आणि एक प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर काढून ठेवायची.

लांबून सेटिंग बदलायची असेल तर याच राउटरमध्ये एक फार शहाणी सोय आहे. आधी नीट चाललेली सेटिंग सेव्ह करा. मग 'रीलोड इन १०' अशी कमांड द्या, म्हणजे राउटर १० मिनिटांनी आपोआप रीस्टार्ट होईल. आता बदल करा, पण सेव्ह करू नका. बदल चुकला आणि तुमचाच संपर्क तुटला तरी घाबरायचं कारण नाही. १० मिनिटांत राउटर जुन्या सेटिंगवर परत येतो. सगळं ठीक असेल तर 'रीलोड कॅन्सल' आणि मग सेव्ह. जुनिपरच्या राउटरमध्ये 'कमिट कन्फर्म्ड' आहे. १० मिनिटांत पुन्हा पक्कं केलं नाही, तर रीस्टार्ट न होताच जुनी सेटिंग परत. विहिरीत उतरण्याआधी दोर बांधतात, तसंच हे.

मोठ्यांचंही यात काय होतं, बघा. ८ नोव्हेंबर २०२३ ला ऑस्ट्रेलियात ऑप्टस कंपनीचे सुमारे ९० राउटर सुरक्षेची मर्यादा ओलांडली गेल्यामुळे स्वतःहून नेटवर्कपासून तुटले. सुमारे १ कोटी ग्राहकांचं नेट आणि फोन गेले. लांबून कमांड द्यायला रस्ताच उरला नाही, म्हणून काही ठिकाणी माणसं प्रत्यक्ष पाठवावी लागली. आपत्कालीन नंबरही २,१४५ लोकांना लागला नाही, असं तिथल्या नियामकाच्या चौकशीत निघालं. काही दिवसांत कंपनीच्या प्रमुख पायउतार झाल्या.

तिथे निदान चौकशी झाली. आपल्याकडे "सर्व्हर डाऊन" म्हटलं की विषय संपतो. माझं म्हणणं एवढंच, की ज्या कार्यालयात लोक रांगा लावतात, तिथे चार गोष्टी विचारायला हव्यात. राउटरच्या सेटिंगची प्रत कुठे ठेवली आहे? रीस्टार्ट कामकाजाच्या वेळेनंतर करतात का? त्या वेळी केबल घेऊन कुणी जागेवर हजर असतं का? आणि लाइन बंद राहणार असेल तर आदल्या दिवशी दारावर सूचना लागते का?

यातल्या एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही. शिस्त लागते. तुमच्या गावच्या कार्यालयात या चार प्रश्नांची काय उत्तरं मिळतात, ते विचारून कमेंटमध्ये जरूर लिहा. पुढची बातमी त्यावरच करू.