रिबकेला विचारलं होतं

गेल्या दिवाळीच्या फराळाला मंडळातल्या एका मैत्रिणीनं चकली मोडता मोडता विचारलं, "अहो, तुमच्यात कांदेपोहे असतात का? की तुमची मुलं आपलं आपणच जमवतात?" 'तुमच्यात' म्हणजे ख्रिस्ती लोकांत. तिची त्यात काही चूक नाही. हिंदी सिनेमानं ख्रिस्ती मुलगी म्हटली की आखूड फ्रॉक, गिटारवाला मित्र आणि समुद्रकिनारा, एवढंच दाखवलंय. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो आणि करंज्यांकडे वळलो. पण खरं सांगायचं तर ते हसणं जरा चोरटं होतं, कारण नेमक्या याच प्रश्नानं आमच्या घरात काही वर्षं धुमाकूळ घातला होता. तिला तेव्हा न दिलेलं उत्तर आता लिहून देतो आहोत. 'आम्ही' म्हणतोय, कारण चुका दोघांच्या आहेत, आणि त्या कुणी किती केल्या यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही!

तर, कांदेपोहे असतात. आमचं लग्न १९८९ सालचं, नगरचं. (आता ते अहिल्यानगर झालंय, पण जिभेला सवय नगरचीच.) पोहे होते, चहा होता आणि मुलीच्या मामांनी बेकरीतून मुद्दाम आणलेला केकही होता, ख्रिस्तीपणाची तेवढीच काय ती खूण. पत्रिका नव्हती, तिच्या जागी बाप्तिस्म्याचा दाखला आणि पाळकसाहेबांचं पत्र. 'मूळचे कोण?' हा प्रश्न मात्र कुणीतरी आडून आडून विचारलाच. चर्चमध्ये सगळे एका बाकावर बसतात, पण सोयरीक काढताना पणजोबा गावातल्या कुठल्या वस्तीतून आले ते बरोबर आठवतं. हे आपलं महाराष्ट्राचं जुनं दुखणं आमच्याकडेही आहे, ते लपवण्यात अर्थ नाही.

पसंती झाल्यावर पाळकसाहेब म्हणाले, मुलामुलीनं आता एकमेकांशी बोलायला हवं. घरच्यांना हे जरा जास्तच वाटलं. शेवटी तोड निघाली ती अशी, की रविवारी उपासना आटोपल्यावर दोघांनी चर्चच्या आवारात अर्धा तास फिरायचं आणि पाळकसाहेबांचा बारा वर्षांचा भाचा सायकलवरून मागे राहणार. तो पठ्ठ्या आवाराच्या प्रत्येक कोपऱ्यावर घंटी वाजवायचा. असे चार रविवार मिळाले. काय बोललो? एकाला आठवतं की पगाराबद्दल, दुसरीला आठवतं की आईच्या दम्याबद्दल. पण बोललो. मग साखरपुडा, हळद (हो, आमच्यातही लागते, आणि पांढऱ्या साडीआधी ती धुऊन काढताना नाकी नऊ येतात), आणि त्याआधी तीन रविवार मंडळीसमोर वाचलेली लग्नाची सूचना: कुणाची हरकत असेल तर सांगावी. कुणाची नव्हती.

ही पाळकांची मध्यस्थी आली कुठून, त्याला इतिहास आहे. अमेरिकन मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले, १८३१ मध्ये नगरला त्यांचं ठाणं झालं. बाप्तिस्मा घेतला की भाऊबंद तुटायचे, सोयरे तुटायचे. मग मुलासाठी मुलगी बघणार कोण? मिशनच्या बोर्डिंगातल्या मुली आणि मिशनच्याच शाळांत मास्तर झालेली मुलं, यांच्या सोयरिकी पाद्री आणि मडमा जुळवू लागले. पाळक हेच गोतावळा झाले. लक्ष्मीबाई टिळकांचं तर सगळ्यांना माहीत आहे. अकरा वर्षांच्या आसपास असताना लग्न, १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले, आणि मग नवराबायकोची काही वर्षं ताटातूट. 'स्मृतिचित्रे' वाचताना आम्हाला नेहमी वाटतं, की या बाईंनी नवऱ्याची पारख लग्नाला पंधरा वर्षं उलटल्यावर केली, अन् ती आपल्या मनानं, आपल्या वेळेला केली. असो.

दम्मामला आलो १९९१ च्या अखेरीस. नगरकडे ख्रिस्ती माणसं भेटली की एकमेकांना 'सलाम' म्हणतात, त्यामुळे इथला पहिला शब्द तरी ओळखीचा निघाला! बाकी सगळं नवीन. हॉटेलात एकट्या पुरुषांचं दार वेगळं, कुटुंबाचं वेगळं. ही सक्ती डिसेंबर २०१९ मध्ये उठली. कॉर्निशवर एका संध्याकाळी दोन अनोळखी माणसांनी थांबवून, आम्ही खरोखरच नवराबायको आहोत का, याचा पुरावा मागितला होता. इकामा दाखवला तेव्हा सुटलो. त्या दिवशी घाम फुटला, पण पुढे मुलगी झाली आणि मनात वेगळाच विचार मुरत गेला. बरं आहे की! मुलींची शाळा वेगळी, रस्त्यात टवाळ पोरं नाहीत, सिनेमाची थिएटरं नाहीत. अमेरिकेतले आमचे नातेवाईक मुलांच्या डेटिंगच्या काळजीनं हैराण, आणि आम्ही निर्धास्त. देशच राखणदार म्हटल्यावर आईबापांनी कशाला डोकं शिणवायचं?

त्यात १९९९ च्या सुमारास ओळखीच्या एका घरी एक इंग्रजी पुस्तक आलं, 'आय किस्ड डेटिंग गुडबाय'. जोशुआ हॅरिस नावाच्या अमेरिकन तरुणाचं, १९९७ सालचं. पुस्तक आलं तेव्हा लेखक स्वतः विशीतला, बिनलग्नाचा. म्हणणं असं, की लग्नाचा विचार नसताना जोडीनं हिंडू नये. वेळ आली की लग्नाच्याच इराद्यानं, वडीलधाऱ्यांना विश्वासात घेऊन ओळख वाढवावी. तिकडे त्याला 'कोर्टशिप' म्हणतात. त्याची झेरॉक्स आमच्याकडे आली आणि आम्ही हरखलोच. हे तर आपलं नगरचंच, तेही अमेरिकेच्या शिक्क्यासह! गंमत अशी, की त्यातला 'हिंडू नये' एवढा भाग आम्ही उचलला आणि 'ओळख वाढवावी' हा सोयीस्करपणे विसरलो. दोष पुस्तकाचा नव्हे, वाचणाऱ्यांचा. पुढे २०१८ मध्ये त्या लेखकानंच, आपल्याला आता हे पटत नाही, असं जाहीर करून पुस्तकाची छपाई बंद करायला लावली. ती बातमी आम्हाला पाठवली मुलीनं. आम्ही उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि विषय मिटवला.

इथे चर्च नाही, तेव्हा शुक्रवारी चार घरं एकत्र जमायची. गाणी, प्रार्थना, मग डाळभात. अशाच एका शुक्रवारी, मुलगी तेव्हा तेरा वर्षांची, उत्पत्तीच्या पुस्तकातला चोविसावा अध्याय निघाला. अब्राहाम मुलासाठी बायको शोधायला आपल्या सेवकाला दहा उंट देऊन मायदेशी पाठवतो. सेवक विहिरीपाशी थांबतो. जी मुलगी मला पाणी देईल आणि आपण होऊन उंटांनाही पाजीन म्हणेल, तीच ती, अशी खूण तो देवाकडे मागतो. रिबका येते, पाणी पाजते. (दहा उंटांना पाणी काढून पाजायचं म्हणजे काय, हे आम्हा दम्मामकरांना वेगळं सांगायला नको.) सेवक तिला नाकात घालायला सोन्याचं भूषण देतो, म्हणजे आपली नथच म्हणा ना, आणि बांगड्या. घरी बोलणी होतात, भाऊ आणि वडील होकार देतात. आमच्यातल्या एकानं यावर पंधरा मिनिटं बोलून सिद्ध केलं, की आईवडलांनी ठरवून दिलेलं लग्न हीच पवित्र शास्त्राची रीत. त्यावर कोपऱ्यातून आवाज आला, "पण पप्पा, रिबकेला विचारलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला बोलावून विचारलं, तू जातेस का म्हणून." सगळे हसले. पोरगी हुशार आहे, असं म्हणत आम्ही ताटं घेतली.

ती पुण्याला शिकली, फिजिओथेरपिस्ट झाली. २०१९ च्या जुलैत नात्यातून स्थळ आलं. मुलगा नाशिकचा, चांगल्या नोकरीत, घरचे प्रार्थनाशील. आम्ही सुट्टीवर होतो, तीन आठवड्यांत सगळं उरकलं. दोघांना समोरासमोर बसवलं, पण आठ माणसांत. दोघं जरा बाहेर जाऊन येऊ देत का, असं त्याच्या आईनं विचारलंही, तर आम्हीच घाईघाईनं "काय गरज आहे?" म्हणालो. आम्हाला निदान चार रविवार मिळाले होते. डिसेंबरात साखरपुडा झाला. लग्न मे महिन्यात.

मग मार्च २०२० उजाडला. आमच्या शेजारचं कतीफ ८ तारखेला बंद केलं, १५ तारखेला विमानं थांबली. हॉल गेला, लग्न पुढे ढकललं, पुढे म्हणजे कधी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ती पुण्यात, तो नाशकात, आम्ही इथे कोंडलेले. दोघं रोज रात्री व्हिडिओवर बोलू लागली. साखरपुडा झालेला, आता आम्ही तरी कशाला अडवू? जे आम्ही देत नव्हतो ते त्यांना असं महामारीनं दिलं, तेही पाच महिने.

सप्टेंबरात तिचा फोन आला. रडत नव्हती. "मम्मी, तो वाईट नाही. पण पाच महिन्यांत त्यानं मला एक प्रश्न विचारला नाही. स्वतःचं सांगतो. माझे पेशंट, माझं काम, मला काय आवडतं, काही नाही. लग्नानंतर मी नोकरी सोडायची हेसुद्धा त्यानं सांगितलं, विचारलं नाही." मग जरा थांबून म्हणाली, "रिबकेला विचारलं होतं, मम्मी."

एकानं फोन ओढून घेतला आणि तो नको ते बोलला. साखरपुडा मोडणं म्हणजे काय, हे आमच्यासारख्या लहानशा समाजात वाढलेल्यालाच कळेल. उपासनेनंतर आवारात कुजबुज होते, आणि पुढचं स्थळ यायच्या आधी ती त्या घरी पोचलेली असते. अकरा दिवस तो तिच्याशी बोलला नाही. दुसरी रोज बोलली, पण रोज 'जमवून घे' एवढंच बोलली, आणि ते जास्त लागलं, असं मुलगी आज सांगते. अंगठी आणि साडी मामांच्या हातून परत गेली. त्या घरानं एका शब्दानंही त्रास दिला नाही, हे इथे लिहिलंच पाहिजे.

ख्रिस्ती पद्धत, ख्रिस्ती पद्धत म्हणून आम्ही जे सांभाळत होतो, त्यात ख्रिस्ती किती, नगरचं किती आणि दम्मामचं किती, हे तेव्हा पहिल्यांदा निवडून बघितलं. पवित्र शास्त्रात डेटिंग नाही आणि कांदेपोहेही नाहीत. याकोब राहेलीसाठी सात वर्षं राबला, अन् मामानं फसवून थोरली गळ्यात बांधली. रूथ तर सासूच्या सल्ल्यानं रात्री बवाजाच्या खळ्यावर गेली. नगरला हे घडलं असतं तर भाच्यानं घंटी वाजवून अख्खी मंडळी गोळा केली असती! लग्नाआधी शरीरसंबंध नको, हे आमचं मत होतं तेच आहे, आणि मुलीचंही तेच आहे. पण तेवढ्या एका गोष्टीच्या धास्तीनं आम्ही साधं बोलणंसुद्धा बंद केलं होतं.

२०२२ मध्ये ती इथे आली, एका क्लिनिकमध्ये लागली. वर्षभरानं एका रात्री जेवताना म्हणाली, "एकजण आहे. पुण्यापासूनची ओळख, आता बहारीनला असतो. लग्नाचं ठरवलेलं नाही. पण लपवायचं नाही म्हणून सांगतेय." मुलगा वसईचा. कॅथलिक. नगरला आजींनी फोनवर "रोमन?" एवढंच विचारलं आणि प्रकृतीच्या गोष्टी काढल्या. आम्ही या वेळी तोंडं मिटून घेतली. दोघांनाही ते सोपं गेलं नाही.

किंग फहद पूल, १९८६ साली सुरू झालेला, पंचवीस किलोमीटरचा. त्याचा खांब न् खांब आता आमच्या ओळखीचा झालाय. महिन्यातून एकदा तरी शुक्रवारी मनामाला जातो. तिथलं सेक्रेड हार्ट चर्च १९३९-४० सालचं. मिस्सा झाली की ती दोघं एका उपाहारगृहात कोपऱ्यातल्या टेबलाशी बसतात आणि आम्ही चार टेबलं सोडून. सायकलवाला भाचा आता आम्हीच, फक्त घंटी नाही!

कॅथलिकांकडे या सगळ्याला ठरलेली रीत आहे, हे आम्हाला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं. लग्नाआधी धर्मगुरू दोघांशी वेगवेगळं बोलतात, कुणाच्या दडपणाखाली होकार देत नाही ना, म्हणून विचारतात. धमकावून किंवा धाक दाखवून घेतलेला होकार त्यांच्या धर्मकायद्यात होकारच धरत नाहीत. शिवाय लग्नपूर्व शिबिर, जोडीनं करायचं. त्यात पैसा, सासर, मुलं, भांडणं, सगळं बोलायला लावतात. वसईला त्याच्या धर्मग्रामात ते करायचं असं दोघांनी ठरवलंय, मग पुढचं. ऐकून आम्हाला हेवा वाटला. आणि एका गोष्टीची धडकीही भरली. प्रोटेस्टंट मुलीशी लग्न करायला त्यांच्याकडे बिशपांची परवानगी लागते, आणि मुलांना कॅथलिक पंथात बाप्तिस्मा देऊन वाढवण्यासाठी आपल्याकडून होईल तेवढं करीन, असं कॅथलिक बाजूला वचन द्यावं लागतं. आमच्या घरात चार पिढ्या नगरच्या एकाच चर्चमध्ये गेल्या. नातवंडं दुसऱ्या वेदीपुढे उभी राहणार, हा विचार रात्री झोपू देत नाही, खोटं कशाला बोला.

मागच्या शुक्रवारी परत येताना पुलावर पासपोर्टच्या रांगेत अडकलो. मागच्या सीटवरून ती म्हणाली, "आज त्यानं काय विचारलं माहितेय? पप्पांना मासे चालतात का." वसईच्या घरात मासे चालत नाहीत म्हणणारा व्याही म्हणजे मोठीच पंचाईत! आम्ही हसलो. मग ती म्हणाली, "आणि मुलांचंही विचारलं. म्हणाला, वचन मला द्यायचंय, पण तुझं मत ऐकल्याशिवाय देणार नाही."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, मला अजून ठरवता येत नाहीये. तुम्हाला काय वाटतं?"

हे आपल्याला कुणी विचारेल, याची आम्ही दोघांनीही तयारी केलेली नव्हती. एकानं आरशातून मागे बघितलं, दुसरीनं थर्मासचं झाकण उघडून चहा ओतला. पुढे अजून चाळीसेक गाड्या होत्या. बोलायला वेळ भरपूर होता.