वेशीबाहेरचे आजारपण

नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाला दोन गोष्टींचा मोठा आधार असतो. एक महिन्याचे निवृत्तिवेतन आणि दुसरे आजारपणात उपयोगी पडणारे औषधोपचाराचे कार्ड. निवृत्तिवेतन, माणूस जगाच्या पाठीवर कोठेही असो, बँकेतील खात्यात जमा होतच राहते. कार्डही तसेच आपल्या पाठोपाठ येईल, अशी मनाची नकळत समजूत होऊन बसते. परंतु तसे नाही. कार्डाला वेस असते, आणि ती कोठे संपते हे घराचा उंबरा ओलांडण्यापूर्वीच पाहून ठेवावे लागते.

मी रेल्वेत स्टेशनमास्तर होतो. नोकरीची बरीच वर्षे लोंढ्याच्या आसपास, रानातल्या लहान स्टेशनांवर गेली. आमची एकुलती कन्या इंग्लंडमध्ये एका रुग्णालयात नर्स आहे. तिच्या पहिल्या बाळंतपणासाठी आम्हा उभयतांना २०२४ च्या एप्रिलमध्ये पाच महिन्यांसाठी बोलावणे आले. अशी बोलावणी आपल्या गावांतून आता नवी राहिलेली नाहीत. कोणाची मुले आखातात आहेत, कोणाची कॅनडात. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेली गोव्याची कितीतरी कुटुंबे तर इंग्लंडमधील स्विंडन शहरात स्थायिक झाली आहेत. त्यांचे आईबाप आज ना उद्या मोठ्या प्रवासाला निघतीलच. म्हणून आमच्या तयारीत जे समजले, ते वाचकांपुढे ठेवतो.

रेल्वेच्या निवृत्त नोकरांसाठी १९९७ सालापासून एक उदार आरोग्य योजना आहे. निवृत्तीच्या वेळी एकरकमी वर्गणी भरली की पतिपत्नींना रेल्वेच्या दवाखान्यांत उपचार मिळतात. आम्हांस हुबळीचे रेल्वे रुग्णालय जवळचे. सौभाग्यवतीच्या रक्तदाबाची आणि मधुमेहाची औषधे तेथूनच येत. हे कार्ड देशात दूरवर चालते. पण परदेशातील रुग्णालयाचे बिल ते भरत नाही. केंद्र सरकारच्या निवृत्तांची योजना आणि माजी सैनिकांची योजना यांचाही पाया देशातील नेमलेली रुग्णालये हाच आहे. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू लागले. गोव्यात २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. या सर्व योजना मोलाच्या आहेत. पण त्यांचे मोल देशातल्या देशात.

दुसरी समजूत याहून अधिक फसवी असते. गावातील कित्येकांनी मला सांगितले, "मास्तर, इंग्लंडात औषधोपचार फुकट असतात. त्यातून लेक तिथंच नर्स. तुम्हाला कसली काळजी?" १९४८ साली सुरू झालेली तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवा मोफत आहे हे खरे, परंतु ती तेथे राहणाऱ्यांसाठी. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर जाणारे पुष्कळ लोक आरोग्यासाठी वेगळा अधिभार भरतात. सहा महिन्यांच्या आतील पाहुणा तो भरत नाही, आणि म्हणून त्या सेवेचा हक्कदारही होत नाही. अपघात व तातडीच्या विभागात तपासणी व प्राथमिक उपचार त्यालाही मोफत मिळतात. पण खाटेवर दाखल करून घेतले, की त्या क्षणापासून आकारणी सुरू होते, आणि ती ठरलेल्या दराच्या दीडपट असते. अत्यंत निकडीचे उपचार पैशांवाचून अडवून धरीत नाहीत, तथापि बिल मागाहून येतेच. पाचशे पौंड वा त्याहून अधिक देणे दोन महिने थकले, तर पुढील व्हिसा नाकारला जाऊ शकतो. नातवाचे तोंड पुन्हा पाहण्याची वाटच त्यामुळे बंद व्हायची.

कॅनडा सरकार आईवडिलांना दीर्घ मुक्कामाचा जो 'सुपर व्हिसा' देते, त्यासाठी निदान एक वर्षाचा आणि किमान १,००,००० कॅनेडियन डॉलरांचा आरोग्यविमा दाखवावाच लागतो. युरोपातील शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा विमा लागतो. इंग्लंडच्या पाहुण्यावर मात्र अशी सक्ती नाही. सक्ती नाही म्हणजे गरज नाही, असा अर्थ पुष्कळजण काढतात.

आम्ही प्रवासविमा घ्यायचे ठरविले. तो निघण्यापूर्वी मायदेशातच घ्यावा लागतो. प्रस्तावपत्रात पूर्वीपासूनचे आजार लिहायचे रकाने होते. ते पाहून विम्याचे काम करणारे गृहस्थ हलक्या आवाजात म्हणाले, "वहिनींचा मधुमेह लिहू नका. हप्ता वाढेल. तिकडं कोण विचारतंय?" मी काही बोलण्यापूर्वीच सौभाग्यवती म्हणाली, "भाऊ, लेकीच्या बाळंतपणाला निघाले आहे. बरोबर खोटं कशाला न्यायचं?"

आम्ही मधुमेह लिहिला, रक्तदाब लिहिला, माझी २०१९ मधील हर्नियाची शस्त्रक्रियाही लिहिली. हप्ता खरोखरच वाढला. पॉलिसीवर असेही छापून आले की पूर्वीपासूनच्या आजाराचा खर्च केवळ जिवावर बेतल्यास आणि तोही ठराविक मर्यादेपर्यंतच मिळेल; नेहमीची तपासणी व औषधे आमची आम्ही पाहायची. शिवाय प्रत्येक दाव्यातील पहिली ठराविक रक्कम आम्हीच सोसायची. हे सारे वाचताना मन थोडे खट्टू झाले. परंतु विमा म्हणजे दोन्ही बाजूंनी दिलेला शब्द आहे. आपण आपला आजार सांगायचा, कंपनीने त्यावर आपली अट सांगायची. आपली बाजू खोटी असेल, तर ऐन वेळी दुसऱ्या बाजूला शब्द मोडायला आपणच कारण पुरवितो.

त्या शब्दाची परीक्षा तिसऱ्याच महिन्यात झाली. नात सहा आठवड्यांची होती. सौभाग्यवतीला दोन दिवस ताप होता. रात्री श्वास लागू लागला. कन्येने तातडीच्या ९९९ क्रमांकावर दूरध्वनी केला. रुग्णालयात न्यूमोनिया ठरला आणि तिला दाखल करून घेण्यात आले. जावई तिच्याजवळ थांबले. मी पॉलिसीवरील मदत-क्रमांकावर त्याच रात्री कळविले, कारण दाखल झाल्याची खबर विनाविलंब द्यावी अशी अट होती. कंपनीने हुबळीचे जुने कागद मागविले. त्यांतील मधुमेहाची नोंद आणि आमच्या प्रस्तावपत्रातील नोंद एकमेकींशी जुळत होती. न्यूमोनिया हा नवा आजार, असा डॉक्टरांचा लेखी अभिप्राय मिळाला. पाच दिवसांनी ती घरी आली. आमच्या वाट्याची रक्कम आम्ही भरली. उरलेले बिल कंपनीने चुकते केले. मधुमेह लपविला असता तर त्याच जुन्या कागदांनी आम्हांस उघडे पाडले असते, आणि मुलीच्या नव्या संसारावर कर्जाचा डोंगर उभा राहिला असता.

आणखी काही बारीकसारीक गोष्टी आहेत. पॉलिसीची मुदत परतीच्या दिवसापर्यंत पुरते ना, हे तिकीट शेजारी ठेवून पाहावे. मुक्काम लांबणार असेल, तर मुदत संपण्यापूर्वीच वाढवून मागावी. देशात स्वतंत्र आरोग्यविमा असल्यास त्याचे नूतनीकरण आपल्या गैरहजेरीत चुकू देऊ नये. खंड पडला, तर जुन्या आजारांसाठी काढलेली प्रतीक्षेची वर्षे वाया जातात. औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातील पिशवीत ठेवावीत. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव असावे, कारण आपल्याकडील व्यापारी नावे तिकडे ओळखीची नसतात. देव न करो, पण परदेशात मृत्यू आला तर देह मायदेशी आणण्याचा खर्च पॉलिसीत आहे की नाही, हेही पाहावे. आपल्या माणसांशेजारी, गावच्या मातीत विसावा मिळावा ही वृद्धांची इच्छा असते. तिची तरतूद बोलून ठेवण्यात अशुभ काही नाही. दावा अन्यायाने नाकारला गेला असे वाटल्यास देशात विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. त्यासाठी शुल्क पडत नाही.

या साऱ्याची चर्चा मुलांशी निघण्यापूर्वी मोकळेपणाने करावी. "आम्हाला काय होतंय" असे म्हणून वडीलधाऱ्यांनी विषय टाळावा, आणि "दुखवायला नको" म्हणून मुलांनी गप्प राहावे, असे आपल्या घरांत फार घडते. मग आजार आला की पहिल्याच रात्री खर्चाचा प्रश्न उशाशी येऊन बसतो. आमच्या घरी त्या रात्री तो प्रश्न नव्हता. कन्येला आईची काळजी तेवढी होती, आणि मला नातीला झोपविण्याचे काम होते.