आमचा आठ फुटी बोरघाट

कोथरूडचे जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालय पाहून मारुंजीला परतताना मुलांनी बसमध्येच हट्ट धरला, "सर, आपणही रेल्वे करू." भाऊ जोशी यांनी छंदातून उभारलेले आणि १९९८ साली सर्वांसाठी खुले झालेले ते विश्व पाहून हा हट्ट स्वाभाविकच होता. इतिहासाचा शिक्षक या नात्याने मी विषय सुचवला : बोरघाटाचा लोहमार्ग.

आठ फूट लांब, चार फूट रुंद प्लायवुड आणले. आराखडा मी कागदावर काढला आणि त्यावर खूशही होतो. चाकणच्या एका कारखान्यात संगणकावर साच्यांचे आरेखन करणारा माझा माजी विद्यार्थी एका रविवारी लॅपटॉप घेऊन आला. एक्सट्रॅककॅड या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये त्याने तो आराखडा १:८७ या प्रमाणात उतरवला आणि माझ्या चुका पडद्यावर उघड्या पडल्या.

घाटात पूर्वी खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होते. गाडी तेथे थांबे, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागे आणि गाडी उलट दिशेने निघे. त्यासाठी मी ७० सेंटिमीटरचा रूळ आखला होता. इंजिन व तीन डबे मिळून आमची गाडीच जवळजवळ मीटरभर! घाटाचा चढ ३७ ला १. म्हणजे ८ सेंटिमीटर वर जायला २९६ सेंटिमीटर रूळ हवा आणि आमची फळी अवघी २४४ सेंटिमीटरची. तेव्हा रूळ वळवून नेणे आले. "सर, खोडायला इथे रबर लागत नाही," असे तो हळूच म्हणाला. ज्याला मी नकाशा भरायला शिकवले, त्याच्याकडून त्या दिवशी मी नकाशा शिकलो.

मूळ घाटमार्ग सुमारे २५ किलोमीटरचा. या प्रमाणात तो २९० मीटर होतो. म्हणून पंचवीस बोगद्यांपैकी आम्ही तीनच ठेवले. सॉफ्टवेअरमध्ये रूळ, डोंगर, वायरी यांचे वेगवेगळे थर करता येतात. हवा तो दाखवावा, नको तो लपवावा. ते पाहत असलेल्या सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, बोगदे खणणारी माणसे कुठल्या थरात आहेत?"

मी निरुत्तर झालो. १८५६ ते १८६३ या काळात त्या घाटात हजारो मजूर राबले. पटकीसारख्या साथींत कितीतरी दगावले. वर्गात हे मी दरवर्षी सांगतो. तरीही माझ्या आराखड्यात इंजिन होते, पूल होते, माणूस नव्हता.

आम्ही नवा थर उघडला आणि त्याला नाव दिले 'वस्ती'. दरीच्या कडेला जागा हवी म्हणून एक बोगदा कमी केला. तेथे मुलांनी झोपड्या, पाण्याचे रांजण आणि मातीची माणसे मांडली. साडेपाच फुटी माणूस या प्रमाणात जेमतेम १९ मिलिमीटरचा होतो.

स्नेहसंमेलनाला याल तेव्हा आमची गाडी अवश्य पाहा. मात्र आधी थोडे वाकून ती वस्ती पाहा.